जीऱ्याला घेऊन वर्ध्याला

'कुत्र्यासोबत फिरायला सुंदर ठिकाणं' असं मोबाइलवर शोधलं की गोवा येतं, मनाली येतं, कूर्ग येतं, लोणावळ्याचे व्हिला येतात. फोटोत सोनेरी केसांचा गोल्डन रिट्रीव्हर, मागे समुद्र किंवा बर्फ आणि खाली एका रात्रीचं भाडं. मी कंटेंट रायटर आहे. असे लेख लिहूनच माझा महिन्याचा खर्च निघतो, त्यामुळे ते कसे तयार होतात हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यात गुढियारी कधी येत नाही. रायपूर स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला असलेली ही आमची ठोक बाजाराची वस्ती. इथून वर्ध्याला आजीकडे जायचं, गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली आणि सोबत गावठी कुत्रा. अशा कुटुंबाने वाटेत कुठे थांबायचं, कुत्र्याला कुठे उतरवायचं, हे कुठल्याच यादीत सापडलं नाही. म्हणून आमची यादी आम्हीच केली.

आधी कुत्र्याबद्दल. बाबा गुढियारीतल्या एका किराणा आडतीत हिशेब बघतात. एका पावसाळ्यात तिथल्या गोदामात जिऱ्याच्या पोत्यांमागे एका कुत्रीने पिल्लं घातली. त्यातलं एकच जगलं. हमालांनी त्याचं नाव ठेवलं जीरा आणि त्याचा रंगही तसाच आहे, न भाजलेल्या जिऱ्याचा. आजही बाजारातून जाताना कोणीतरी 'ए जीरा, एती आ रे' अशी छत्तीसगढीत हाक मारतं आणि हा बाबांच्या हाताला हिसका देऊन तिकडे ओढ घेतो. घरी आणला तेव्हा आईने सांगितलं होतं, पायरीच्या आत यायचं नाही. मग पायरी गेली, मग बैठक गेली. आता देवघर तेवढं उरलंय. बाबा म्हणतात, तिथे दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आधीपासूनच बसली आहेत.

जीरा आला त्याच वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. बाबा पंधरा दिवस चालले. मग गुडघा दुखायला लागला, मग ऊन वाढलं, मग मार्चएंड आला. त्यानंतर त्यांना चालवलं ते जीऱ्याने. तो पहाटे साडेपाचला दाराशी जाऊन बसतो. भुंकत नाही, नुसता बघतो. बाबांचं म्हणणं, डॉक्टरला टाळता येतं, याला नाही. गेली तीन वर्षं त्यांची चाळीस मिनिटं चुकलेली नाहीत.

पण त्या तीन वर्षांत बाबा रात्रीच्या मुक्कामाला कुठेही गेले नाहीत. एकदा जीऱ्याला दोन दिवस शेजाऱ्यांकडे ठेवून पाहिलं, तर त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. त्यानंतर बाबांनी विषयच बंद केला. वर्ध्याला आई एकटी जायची. ट्रेनने जायची, भाऊबीज करायची आणि तिसऱ्या दिवशी परत यायची. आजी ऐंशी ओलांडलेली. तिचा फोन आला की एकच प्रश्न, "जावईबापू रुसले का वं? काहून येत नाहीत?" जावई एका कुत्र्यापायी येत नाहीत, हे आपल्या म्हाताऱ्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? आई म्हणायची, बाजारात काम फार आहे. एका संध्याकाळी असाच फोन ठेवून ती बाबांसमोर येऊन बसली. "माझी आई किती वर्षं आहे आणि हा कुत्रा किती वर्षं आहे? मांडा हिशेब. तुमचं कामच आहे ते."

बाबांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "ट्रेनमध्ये कुत्रा नेतात का गं?"

नेतात, पण आपल्याला हवा तसा नाही. स्लीपर, थ्री टायर, टू टायर, चेअरकार यांत कुत्रा चालत नाही. एसी फर्स्ट क्लास किंवा फर्स्ट क्लासमध्ये चालतो, तोही दोन जणांचा कूपे किंवा चार जणांची केबिन पूर्ण आपल्याकडे असेल तरच. तिकीट काढताना कूपे मिळेल की केबिन हे कळत नाही. चार्ट लागतो तेव्हा कळतं. कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात, लसीकरणाचा दाखला दाखवून. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्सचा. म्हणजे आपण आपल्या बर्थवर आणि कुत्रा गाडीच्या टोकाला एका पेटीत, ओळखीचा वास नाही, वर रुळांचा खडखडाट. गोदामात पोती पडल्याचा आवाज झाला तरी जीरा पलंगाखाली जातो. बाबांनी डॉग बॉक्स ऐकूनच नको म्हटलं आणि चार जणांच्या फर्स्ट क्लासचा आकडा ऐकून आई हसायला लागली. राहिला रस्ता.

रायपूर ते वर्धा साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. कुत्र्याशिवाय सहा-सात तासांत होतं. कुत्र्यासोबत मात्र दर दोन-अडीच तासांनी थांबावं लागतं आणि थांबायचं म्हणजे ढाब्याच्या पार्किंगमध्ये डिझेल सांडलेल्या जागी नाही. सराव म्हणून आम्ही आधी जवळच्या सुंदर ठिकाणांपासून सुरुवात केली आणि तिथेच लक्षात आलं की सुंदर या शब्दाचा जीऱ्याचा अर्थ वेगळा आहे.

धमतरीजवळ महानदीवरचं गंगरेल धरण आमच्याकडच्या सहलींचं हक्काचं ठिकाण. संध्याकाळी पाण्यावर केशरी प्रकाश पसरला, सगळ्यांनी मोबाइल काढले. जीरा एका दिव्याच्या खांबाशी पाच मिनिटं उभा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग बरा दिसतो, लाल आणि हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. म्हणजे ज्या सूर्यास्तासाठी आपण शंभर किलोमीटर येतो, तो त्याच्या डोळ्यांना फिकटच. त्याची सहल नाकाने चालते. त्या खांबाशी आदल्या आठवडाभरात कोण कोण येऊन गेलं हे तो वाचत होता आणि आम्ही 'चल ना जीऱ्या' म्हणून त्याला मधूनच ओढत होतो. पुस्तक वाचणाऱ्याचं पान मधेच उलटावं तसं. गर्दी, बोटींचे भोंगे, भेळेचे कागद यांनी तो बावरला तो वेगळाच.

तेव्हापासून जागा बघताना बाबा दृश्य शेवटी बघतात. आधी जमीन. डांबर किंवा फरशी असेल तर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होणार नाही. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना, बाकी अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून धापेनेच घालवतो. मग सावली. मग तिथली कुत्री. प्रत्येक गावाच्या तोंडाशी चार राखणदार असतात आणि परक्या कुत्र्याला बघून ती उठणारच. त्यांच्या हद्दीत आपण पाहुणे, म्हणून दगड उचलायचा नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आपला पट्टा आखूड धरून वळसा घालायचा. आणि तुंबलेलं पाणी प्यायला द्यायचं नाही. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, लस घेतलेली असली तरी घरचं पाणी बरोबर ठेवायचं.

या कसोटीवर पास झालेलं आमचं पहिलं ठिकाण बालोदकडचं आणि ते सापडलं ते आईमुळे. तिला कोणीतरी सांगितलं की तिकडे कुत्र्याचं देऊळ आहे. आम्हाला चेष्टा वाटली, पण ते खरंच आहे. बालोद जिल्ह्यात खपरी नावाच्या गावात कुकुरदेव मंदिर आहे. कुकुर म्हणजे छत्तीसगढीत कुत्रा. देऊळ जुनं, दगडी, नागवंशी राजांच्या काळातलं मानतात आणि आज राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि शेजारी कुत्र्याची मूर्ती.

तिथली गोष्ट छत्तीसगढात घरोघरी माहीत आहे. एक बंजारा होता. दुष्काळात त्याच्यावर कर्ज झालं. सावकाराकडे गहाण ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्याने आपला कुत्रा ठेवला. काही दिवसांनी सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल जिथे लपवला तिथे कुत्र्याने सावकाराला धोतराला धरून नेलं आणि सगळा माल मिळाला. सावकार खूश झाला. कर्ज फिटलं अशी चिठ्ठी लिहून त्याने ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळं केलं. कुत्रा धावत मालकाकडे आला. मालकाला वाटलं, हा पळून आला, माझा शब्द गेला. रागाच्या भरात त्याने काठी घातली. कुत्रा मेला आणि मग गळ्यातली चिठ्ठी दिसली. जिथे त्याला पुरलं तिथे हे देऊळ, असं सांगतात.

कुत्रा चावला की लोक या देवळात येतात, डांग्या खोकल्यासाठीही येतात, कारण त्याला हिंदीत कुकुरखांसी म्हणतात. श्रद्धेबद्दल मी काही म्हणत नाही. पण कुत्रा चावला तर जखम आधी साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा, देऊळ नंतर. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः शाळेतल्या मुलांना, तोंडपाठ हवं.

देवळात आम्ही जीऱ्याला नेलं नाही. संरक्षित वास्तूत आपला प्राणी न्यायचा नाही, हा आमचा नियम. कुठे पाटी असो की नसो. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या स्मारकांत तर तसा कायदेशीर नियमच आहे. तेव्हा आई आणि मी आत आणि बाबा जीऱ्याला घेऊन बाहेर झाडाखाली. मग बाबा आत आणि मी बाहेर. नारळ विकणाऱ्या म्हातारीने जीऱ्यासमोर पसरट भांड्यात पाणी ठेवलं आणि आमच्याकडे पैसे घेतले नाहीत. बाबा आतून आले ते गप्पच होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "चिठ्ठी आधी बघायला हवी होती त्याने." आणि जीऱ्याचा पट्टा त्यांनी उगाच दोनदा तपासला.

बालोदलाच तांदुळा धरण आहे, इंग्रजांच्या काळातलं. गंगरेलसारखी जत्रा तिथे आम्हाला दिसली नाही. त्याच्या बांधापासून दूर, पाण्याच्या कडेने मऊ मातीची पायवाट आहे, मधे मधे करंज आणि बाभळी. जीरा तिथे पाऊण तास चालला, सगळा वेळ नाक जमिनीला लावून. बाबा त्याच्या मागे. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर इतका गाढ झोपला की आईने रस्ताभर रेडिओ लावू दिला नाही. "जाऊ शकतो आपण," ती म्हणाली. कुठे, ते कोणी विचारलं नाही.

वर्ध्याला निघालो नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर. पहाटे साडेचारला. उलटी होऊ नये म्हणून जीऱ्याला आदल्या रात्रीच लवकर जेवण दिलं होतं. मागच्या सीटवर जुनी चादर टाकली आणि त्याच्या अंगातला हार्नेस सीटबेल्टला अडकवला. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यात खडा गेला की सगळा प्रवास दवाखान्यात जातो.

पहिला थांबा राजनांदगावला, उजाडता उजाडता. दिग्विजय कॉलेजला लागून राणी सागर आणि बूढा सागर असे दोन तलाव आहेत. पाण्याकाठी चालायला जागा आहे आणि त्या वेळी मॉर्निंग वॉकवाले सोडले तर शांतता. मी बीए इंग्रजीची, पण या जागेशी माझं नातं हिंदीतून आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून याच कॉलेजात शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत, भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहिणारे. आमच्यासारख्या छत्तीसगढच्या मराठी घरांत ही सरमिसळ रोजचीच. भांडण हिंदीत सुरू होतं आणि मराठीत मिटतं. भोसल्यांच्या फौजा इकडे १७४१ मध्ये आल्या, त्यांच्यामागून माणसं आली, मग रेल्वेने आणखी आणली. माझे आजोबा रेल्वेबरोबर आलेले. हे सगळं मी तलावाकाठी बाबांना सांगत होते आणि जीरा एका बदकाकडे एकाग्र होऊन बघत होता. त्याचा कार्यक्रम उरकल्यावर मी पिशवीत हात घालून तो उचलला. एका आजोबांनी थांबून पाहिलं आणि 'बने करत हस बेटी' म्हणाले. एवढ्या लहान गोष्टीचं कौतुक व्हावं हे आपल्या शहरांबद्दल बरंच सांगतं, पण ते असो.

राजनांदगाव सोडलं की बागनदीला राज्याची हद्द ओलांडून आपण गोंदिया जिल्ह्यात शिरतो. देवरीच्या पुढे रस्ता जंगलातून जातो. दोन्हीकडे सागवान, सकाळचं तिरपं ऊन, गवतावर दव. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत देखणा तुकडा आणि इथे आम्ही थांबलो नाही. आई म्हणत होती, दोन मिनिटं उतरू. बाबांनी वेगही कमी केला नाही.

कारण नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या दोन जंगलांना जोडणारा हा पट्टा आहे. वाघ-बिबटे हा रस्ता ओलांडतात. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तिथे वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव-गावठी कुत्र्यांचा निघाला. धोका उलट्या बाजूनेही आहे आणि तो कोणी लक्षात घेत नाही. कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा आजार जंगली मांसाहारी प्राण्यांना होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यांतल्या काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला होता. अभयारण्यात कुत्रा नेऊ देत नाहीत म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आपला कुत्रा लस घेतलेला असेलही, पण तिथे त्याने काय करायचंय? ते दुसऱ्याचं घर आहे.

मला ज्या जागेबद्दल खरं लिहायचंय ती यानंतर येते.

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी धानासाठी इथे हजारो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. सरकारी कागदावरचं इतकं लाडिक नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. प्रत्येक मामा तलावाला मातीची पाळ असते. उंच, रुंद, वर बैलगाडी जाईल एवढी वाट, कडेला जुनी झाडं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाची बांधी.

साकोली आणि लाखनीच्या मधे महामार्ग सोडून दोन-तीन किलोमीटर आत गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी लिहायचं, कोणी रील करायची आणि पुढच्या दिवाळीत तिथे पार्किंगची पावती फाडणारा उभा राहायचा, हे मला नकोय. या पट्ट्यात अशी पाळ तुम्हाला दर चार गावांना सापडेल. आधी गावात विचारा, पाळीवर जाऊ का म्हणून. आम्हाला एका काकूंनी, "जा ना, पाळ काही कोणाच्या बापाची हाय का?" असं सांगून वर चहाही विचारला.

पाळीवर मातीत रात्रीच्या गारव्याचा ओलावा होता. डांबर नाही, भोंगा नाही. धान कापणीला आलेला, त्याचा वास आम्हालाही येत होता, मग जीऱ्याला काय काय येत असेल! त्याने आधी कान टाकले, मग उभे केले, मग शेपूट वर गेली आणि तो चालायला लागला. ओढत नव्हता. घाबरत नव्हता. शंभर पावलं नाक खाली, मग थांबून वाऱ्याकडे तोंड. बाबा त्याच्या चालीने चालत होते. तलावात ढीवर लोक डोंग्यातून शिंगाडे काढत होते. पलीकडे गुरं घेऊन एक ढोरकी बसला होता, त्याच्या पायाशी त्याचा काळा कुत्रा. बाबा थांबले. तो म्हणाला, "येऊ द्या त्याले, माझा काही करत नाही." दोन्ही कुत्र्यांनी एकमेकांचा सविस्तर वास घेतला आणि आपापल्या वाटेला लागली. "सोडा ना मोकळा," ढोरकी म्हणाला. बाबांनी सोडला नाही. पाण्यात पक्षी होते, गोंदियाच्या बाजूला तर सारसांचीही घरटी असतात. पट्टा लांब केला तेवढंच.

आई मागे राहिली होती. बघितलं तर पाळीच्या उतारावर बसून शिंगाडे सोलत होती. विकत घेतले होते, उकडलेले, कागदात. ती भंडाऱ्याला लहानपणी मावशीकडे यायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "आम्ही अशाच पाळीवरून शाळेत सोबत करायचो मावशीच्या मुलींना," ती म्हणाली. रायपूरच्या घरात बसून ही गोष्ट निघाली नसती. ट्रेनच्या खिडकीतूनही नाही, कारण तिथून हे तलाव डोळ्यासमोरून क्षणात जातात. आम्ही तिथे तास काढला. वेळापत्रकात वीस मिनिटं होती.

नागपूर मी पटकन संपवते. सेमिनरी हिल्स आणि सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालचे रस्ते सकाळी कुत्र्यासाठी छान आहेत. आम्ही पोचलो दुपारी, रहदारीत, म्हणून न थांबता बाहेरून निघालो. जेवण गाडीत, आळीपाळीने. बंद गाडीत जीऱ्याला एकटं ठेवून सगळ्यांनी हॉटेलात जाणं आमच्याकडे बाद आहे. नोव्हेंबरातही उन्हातली बंद गाडी काही मिनिटांत तापते आणि काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

आजीच्या घरी पोचलो तेव्हा ती ओसरीत खुर्ची टाकून बसलेली. तिने आधी जावयाला पाहिलं, मग जावयाच्या हातातल्या पट्ट्याला, मग पट्ट्याच्या टोकाला. आईने तीन वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते तिला तिथेच कळलं.

"याच्यासाठी येत नव्हते?"

बाबा म्हणाले, "हो आई."

आजीने जीऱ्याला नीट न्याहाळलं. "हा तर गल्लीतलाच दिसते. मले वाटलं, काही इलायती असन." मग मामीला म्हणाली, "त्याले पाणी दे. आन् जावयालेबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा जीऱ्याला घेऊन पवनारला निघाले. वर्ध्याच्या अलीकडे नागपूर रस्त्यावर धाम नदी आहे, काठावर विनोबांचा आश्रम. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच नदीत विसर्जित केला होता. आश्रमाच्या आवारात कुत्रा न्यायचा नाही, हे आमचं आधीच ठरलेलं. पण नदीच्या खडकाळ पात्राच्या कडेने, आश्रमापासून दूर, मोकळी वाट आहे. पावसाळ्यानंतर पाणी खळाळतं असतं. शेवाळलेल्या खडकावर मात्र त्याला किंवा स्वतःला जाऊ देऊ नका.

आजी म्हणाली, मीही येते. मामा म्हणाला, तुला गाडीत बसवत नाही. ती महिनोन् महिने अंगणाबाहेर पडली नव्हती, गुडघ्यांमुळे आणि डोळ्यांमुळे. शेवटी तिला पुढच्या सीटवर बसवलं, आम्ही मागे दाटीवाटीने, जीरा बाबांच्या पायात. नदीजवळ एका सपाट दगडावर चादर घालून तिला टेकवलं. बाबा आणि जीरा काठाने पुढे गेले. आजीला लांबचं नीट दिसत नाही. ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "कुठवर गेले?" आणि आई सांगायची, "त्या बाभळीपाशी." "आता?" "आता वळले." चाळीस मिनिटं हेच चाललं होतं. परत येऊन जीऱ्याने ओलं नाक आजीच्या हाताला लावलं. तिने हात मागे घेतला, लुगड्याला पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

आम्ही चार दिवस राहिलो. निघताना आजीने बाबांना सांगितलं, संक्रांतीनंतर या, थंडी आहे तोवर. ते बरोबरच आहे, कारण एप्रिल ते जून हा रस्ता कुत्र्याचा नाही. विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि डांबर हात लावू देत नाही. तेव्हा आता फेब्रुवारीचं ठरतंय. शिंगाडे तेव्हा संपलेले असतील, पण पाळीच्या पलीकडे पळस फुललेला असेल. त्याचा तो लाल-केशरी रंग जीऱ्याला काही दिसणार नाही, असं मी आईला म्हटलं.

"मला दिसेल ना," आई म्हणाली आणि कॅलेंडरवरच्या सुट्ट्या मोजायला लागली.